खालचा वास

बारामती
१२ जानेवारी २०२५

ती. भागूमावशीस,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते आहे. प्रियदर्शनीच्या मोबाइलवर पाठवता आलं असतं, पण मग तुमची नात ते वाचणार, तिची आई वाचणार. हे फक्त तुमच्यासाठी आहे.

आईला जाऊन चार महिने होत आले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही दारातून परत गेलात. मी वरून पाहिलं होतं. त्याबद्दल विचारायला हे पत्र नाही.

माझं ठीक आहे. कामावर जाते. एमआयडीसीतल्या डेअरीच्या लॅबमध्ये सहा वर्षं झाली. दुधाचा टँकर आला की नमुना काढायचा, कोमट करायचा, आधी वास घ्यायचा, मग चव, आणि मग मशीन. नाक अजून बरोबर चालतं. आंबूस, जळकट, पेंडीचा, औषधाचा, सगळे वास ओळखते आणि रजिस्टरला लिहिते. पण वास कळतो आणि तिथंच थांबतो. जेवणाचंही तसंच. कारली आणि श्रीखंड यांत फरक आहे एवढं समजतं. शेजारच्या बायका विचारतात, रडलीस का गं. नाही रडले. प्रयत्न केला तर येत नाही.

मागच्या आठवड्यात आईचं कपाट आवरलं. आतल्या लॉकरमध्ये, स्टीलच्या डब्यात, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली एक परफ्यूमची बाटली मिळाली. जाड काचेची, चौकोनी. लेबल झिजून गेलंय. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. उघडल्यावर पहिला भपका नेलपॉलिशसारखा आला. झाकून ठेवून दिली. अर्ध्या तासानं बोटांना वेगळाच वास होता, आणि मावशी, तो थांबला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा एखादा वास आत गेला.

आई पावडरशिवाय काही लावत नव्हती. माझ्या साध्या बॉडी स्प्रेलासुद्धा खिडकी उघड म्हणायची. मग ही बाटली तिनं जपून का ठेवली? पप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "तुझ्या मावशीला विचार."

म्हणून विचारते आहे.

तुमची,
उत्कर्षा


निरवांगी
२५ जानेवारी

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आजीचा हात थरथरतो म्हणून ती सांगते आहे आणि मी, प्रियदर्शनी, लिहिते आहे.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. डाळिंबाला यंदा फुलं चांगली आहेत. तू वेळेवर जेवत जा. पप्पांच्या गोळ्या चुकवू नकोस.

त्या बाटलीचं मला काही माहीत नाही. संजीवनी शिकलेली, नोकरी करणारी. तिच्या कपाटात काय होतं ते मला खेड्यातल्या बाईला कसं ठाऊक असणार? इतकी जुनी वस्तू म्हणजे नासलेलीच असणार. नाकात जाऊन त्रास होईल. फेकून दे.

तुझी,
भागूमावशी

ता. क. ताई, हे मी आपलं आपण लिहिते आहे, आजीला माहीत नाही. "फेकून दे" सांगून ती उठून गोठ्याकडं गेली. परत आली आणि मला विचारलं, "काळ्या बुचाचीच हाय नव्हं?" मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू बुचाबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. — प्रियदर्शनी


बारामती
९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
जयभीम.

बूच काळंच आहे.

बाटली फेकली नाही. मी ते लावते आहे. ड्युटीवर लावता येत नाही, दुधाला बाहेरचा वास लागतो म्हणून लॅबमध्ये आम्हाला साधं अत्तरही चालत नाही. पण सुट्टीच्या दिवशी लावते.

मागच्या रविवारी रोहिणीचा साखरपुडा होता. रोहिणी माझ्याबरोबर लॅबमध्ये आहे, पणदऱ्याची, घरची वांगी-टोमॅटोची शेती. हॉलमध्ये शिरले तेव्हा मला मजेशीर गोष्ट दिसली. पन्नाशीच्या बायका जरा सरकून बसल्या. एकीनं पदर नाकाला लावला. आणि पंचविशीच्या मुली जवळ आल्या. हे काय आहे, कुठं मिळतं, नाव काय, फोटो काढू दे. एकीनं माझं मनगट धरून ठेवलं आणि सोडेचना. मुलाकडच्या एका मुलीनं मोबाइलवर शोधलं, बाटलीच्या आकारावरून. म्हणाली, हा बनायचा बंद होऊन वीस वर्षं झाली, आणि लोक जुन्या अर्ध्या बाटल्यांसाठी भांडतात.

मी रोहिणीला विचारलं, तुम्हाला यात एवढं काय सापडतं? तिच्याकडं बारा-पंधरा परफ्यूम आहेत, तिला यातलं कळतं. ती म्हणाली, "आत्ताचे सगळे कसे माहीत आहे का, व्हॅनिला लावलेले. ऑफिसमध्ये कोणाला त्रास नको, लिफ्टमध्ये कोणाला त्रास नको, असे घाबरून बनवलेले. हा कोणाला विचारत नाही. आधी येतो, मग माणूस येतं." मग तिनं डोळे मिटून एकेक वास वेगळा केला. वर लवंग आणि गुलाब. मध्ये दगडावरचं ओलं शेवाळ. आणि अगदी खाली, सगळं उडून गेल्यावर राहतं ते, चामडं.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. पावडर लावणाऱ्या बाईनं असा परफ्यूम इतकी वर्षं रुमालात गुंडाळून ठेवला. पप्पा बोलत नाहीत. तुम्ही खोटं बोललात. स्पष्ट विचारते, आईला ही बाटली कुणी दिली होती? लग्नाआधी कुणी होतं का? असलं तरी मला राग येणार नाही. खरं तर हल्ली कशाचाच येत नाही.

उत्कर्षा


निरवांगी
२२ फेब्रुवारी

उत्कर्षा,
जयभीम.

हे मी सोता लिवतीय. अक्षर वाकडं हाय, समजून घे. तू तुझ्या आईवर बोट ठेवलंस ते प्रियदर्शनीच्या कानावर जायला नको, म्हणून.

तसलं काय बी नव्हतं. कुणी दिली न्हाय. तिनं तिच्या पैशानं आणली.

आदी एक सांगते. मी तिसरीत व्हते तवा संजी झाली. आई रानात जायची, म्हणून तिला सांभाळायला माझी शाळा सुटली. चार वर्सं ती माझ्या कडेवरच व्हती. पुढं मी बाळंतपणाला माहेरी आले तवा ती धाव्वीला व्हती, आन् तिनं मला इसरल्याली अक्षरं पाटीवर परत शिकवली. म्हणून तुला आज हे लिवता येतंय.

ती इंदापुरात एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. आपल्यात पयली. तिच्या टेबलाच्या मागं खिडकी व्हती. ती येऊन बसली की एक जण उठायचा आन् खिडकी उघडायचा. थंडी असू दे, धूळ असू दे. तोंडानं कोण काय म्हणायचं न्हाय. म्हणलं असतं तर तक्रार करता आली असती. ती रोज आंगूळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून जायची. तरी खिडकी उघडायचीच. वर्सभर तिनं हे बगितलं, आन् घरात कुणाला सांगितलं न्हाय.

मंग एक दिस पुण्याला गेली. कॅम्पात फॉरेनच्या मालाचं दुकान व्हतं. दुकानदारानं ह्यो सेंट दावला आन् म्हणला, ताई, ह्यो लई जड हाय, हलका दावू का? ती म्हणली, "ह्याच्यापेक्षा जड हाय का?"

दुसऱ्या दिवशी लावून गेली. जिन्यापासनं वास. खिडकी उघडली त्यांनी. पर ती मला काय म्हणली सांगते. म्हणली, "आक्का, खिडकी रोजच उघडत व्हती. आता निदान कारण हाय, आन् ते मी दिल्यालं हाय." तीन वर्सं रोज लावून गेली. मागनं साहेबाची बायको तिला इचारत आली म्हणं, कुठनं आणला. हिनं सांगितलं न्हाय.

चामड्याचं तुझी मैत्रीण बरोबर बोलली. ते आबांनी पयल्याच दिवशी वळखलं व्हतं. आबा म्हंजे तुझ्या आईचे वडील, कचरू. तू त्यांना बगितलं न्हाईस. ते तरणे असताना गावची मेलेली ढोरं ओढायचे, कातडं सोलायचे. छप्पन साली धम्म घेतला आन् सुरी हिरीत टाकली. परत त्या कामाला हात लावला न्हाय, उपाशी ऱ्हायले तरी. संजीनं त्यांच्या नाकापुढं मनगट धरलं. त्यांनी लई येळ वास घेतला. मंग म्हणले, "पोरी, वर फुलं हायती. पर खालनं कातडं हाय."

संजी म्हणली, "आबा, इलायतेतल्या बाया लावतात ह्यो."

आबा हसाय लागले. हसता हसता खोकला आला, तरी थांबंनात. म्हणले, "मंग आमी कशाला धुवून काढला?"

त्यांना एवढं हसताना मी परत बगितलं न्हाय. नंतर ते आजारी पडले आन् गेले. मयताच्या टायमाला लोकं तिला त्या वासावरनं कायबाय बोलली. गावची रीत तुला म्हाईत हाय. तिच्या मनाला लागलं आन् तिनं सोडून दिलं. एवढंच हाय. आता इचारू नको.

भागूमावशी


बारामती
९ मार्च

ती. मावशीस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आईबद्दल मी जे विचारलं त्याची लाज वाटायला हवी. वाटली असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. वाचलं, घडी घातली, कामावर गेले.

रोहिणीला मी सगळं सांगितलं. खिडकीचं, सुरीचं, आबांचं हसणं. आम्ही कँटीनच्या मागं बसलो होतो. तिला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं असं नाही, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. तिनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही मनगट ओढणीला पुसेल. साखरपुड्यादिवशी तिनंही लावलं होतं ना. मग ती म्हणाली, तिच्या पणजोबांच्या वाड्यावरही मेलेलं जनावर न्यायला कुणीतरी यायचं, आणि त्या माणसाचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. एवढं बोलून तिनं परत हात पुढं केला. "थोडं लाव," म्हणाली. ड्युटी संपली होती, बाटली माझ्या पर्समध्ये होती. लावलं.

मी हल्ली ती सोबत नेते. घरी गेल्यावर रोज लावते. सकाळी उशीला तो वास असतो, तेवढ्यानं उठावंसं वाटतं. परवा तसाच अंगाला राहिला आणि लॅबच्या मॅडमनी मला नमुन्यांपासून उठवून दिवसभर कागदं लिहायला बसवलं. त्यांचं बरोबर होतं.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी पप्पांना वाचून दाखवलं. शेवटच्या भागाला त्यांनी हात वर केला. म्हणाले, लग्नाच्या आधी आईनं त्यांना एकदाच हे सांगितलं होतं. त्यांनी तिला म्हटलंही होतं, तुला लावावंसं वाटलं तर लाव, माझी काही हरकत नाही. ती नको म्हणाली होती. मी विचारलं, लोक नक्की काय बोलले होते?

पप्पा म्हणाले, "लोकं नव्हती. एकच बाई होती."

नाव त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मला तुम्हालाच विचारायला का सांगितलं, ते मात्र आता कळतंय. तरी तुम्ही सांगा. ती बाई कोण?

उत्कर्षा


निरवांगी
६ एप्रिल

उत्कर्षाताई,
जयभीम.

तू आजीला काय लिहिलंस? महिना झाला ती रोज दुपारी वही घेऊन बसते, दोन-चार ओळी लिहिते आणि फाडते. फाडलेलं चुलीत घालते, मला तुकडाही सापडू देत नाही. जेवण कमी केलंय. बाबा म्हणाले दवाखान्यात नेऊ, तर म्हणाली, मला काय झालंय, मी पत्र लिवतीय.

तिला रागावली असलीस तर मला सांग, मी तिच्याशी बोलते. आणि ताई, त्या परफ्यूमचं तू फोनवर म्हणाली होतीस, त्याचा एकदा मलाही वास बघायचाय. आमच्या परीक्षेच्या क्लासमधल्या मुली असल्या जुन्या परफ्यूमचे व्हिडिओ बघत असतात. आजीसमोर विषय काढला तर ती ताटावरून उठली.

तुझी,
प्रियदर्शनी


निरवांगी
२० एप्रिल

उत्कर्षा,
जयभीम.

ती बाई मीच.

आबा तीन म्हैने माझ्याकडं पडून व्हते. गळ्यात गाठ. गावाकडं घरात कोण नव्हतं, संजीची इंदापुरात भाड्याची एक खोली, म्हणून मी हितं आणलं. घरचा माणूस कामाला, पोरं लहान, सासू बोलायची. त्यात मी त्यांचं सगळं केलं. हागणं-मुतणं काढलं, पेज भरवली, कूस बदलली. संजी आयतवारी यायची. घटकाभर बसायची, आबांचा हात हातात धरायची, आन् संध्याकाळच्या यस्टीनं जायची. तिला रजा नव्हती, ते मला ठावं व्हतं. ती औषधं आणायची, ते बी ठावं व्हतं.

पर ती गेली की तिचा वास आबांच्या हाताला ऱ्हायचा. दोन-दोन दिस. मी पुसलं तरी जायाचा न्हाय. सोमवारी मी पेजेची वाटी घेऊन गेले की ते डोळं मिटून म्हणायचे, "संजी आली का? वास येतोय." चमचा माझ्या हातात, आन् नाव तिचं. मी काय बोलायची न्हाय. वाटी ठेवायची आन् भाईर जाऊन उभी ऱ्हायची. म्हणायची, भागे, तुझ्या अंगाला कसला वास हाय? शेणाचा, आन् दुखण्याचा. तुला कोण वळखणार.

गेले तवा ती कचेरीत व्हती. निरोप मिळाला तशी यस्टीत बसली आन् आली. तिनं उंबऱ्यात पाय ठेवला आन् घर त्या वासानं भरलं. मी आबांच्या आंगुळीचं पाणी काढत व्हते. बाया बसल्या व्हत्या, दहा-बारा तरी. म्या म्हणलं, "बापाच्या मयताला असला वास लावून याला तू काय बाजारातली बाई हायस?"

बायांनी वळून तिच्याकडं बगितलं. मला वाटलं ती काय तरी बोलंल, भांडंल. ती मागच्या दारानं मोटारीच्या पाण्यावर गेली आन् कापडाच्या साबणानं मान आन् हात घासत बसली. लई येळ. आली तवा मान लाल झाली व्हती. येऊन आबांच्या पायाशी बसली. त्या पायाला शेवटचा हात लावायच्या आदी तिनं सोताच्या हाताचा वास घेतला, गेलाय का बगाया. ते मी बगितलं.

तीस वर्सं झाली. ती मला कदी उलटून बोलली न्हाय. लग्नाला बोलावलं, तुझ्या बारशाला बोलावलं, लुगडं नेसवलं. पर पुन्हा कदी माझ्यापाशी बसून मनातलं बोलली न्हाय. मी इषय काढला असता तर मिटलं असतं. आज काढू, उद्या काढू करत ऱ्हायले. तुमच्या दाराशी आले तवा आत तिचा फुटू दिसला. म्होरं बाया बसल्या व्हत्या. त्या बायांत जाऊन बसायचं माझ्यानं झालं न्हाय.

मी तुला खिडकी उघडणाऱ्यांचं सांगितलं. ते परके व्हते. त्यांच्यापुढं तिनं तीन वर्सं सेंट सोडला न्हाय. माझ्या एका बोलण्यानं सोडला.

शेवटाला तिनं माझं नाव काढलं का, हे इचारायचा मला अधिकार न्हाय. इचारतीय.

भागू


बारामती
४ मे

भागूमावशी,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज रविवार. आठवडाभर मी ते पर्समध्ये घेऊन फिरले. पप्पांना दाखवलं नाही.

हो. नाव काढलं.

आई दवाखान्यात पाच आठवडे होती, हे तुला माहीत आहे. मी बिनपगारी रजा घेऊन तिच्याजवळ राहिले. तू जे जे आबांचं केलंस, ते सगळं मी केलं. शेवटचे तीन दिवस तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. मी तिचं अंग पुसत होते तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "आक्का, कडेवर घे."

मी म्हटलं, आई, मी उत्कर्षा.

ती माझ्याकडं पाहत राहिली, मग डोळे मिटले. थोड्या वेळानं परत तेच. आक्का, लई चालले, पाय दुखतात, कडेवर घे. आवाज अगदी लहान मुलीचा. तुझ्यासारखी गप्प बसून मी बाहेर गेले असते तर बरं झालं असतं. मी दर वेळी तिला दुरुस्त करत राहिले. मी आक्का नाही. मी उत्कर्षा. तिथल्या नर्स, संगीता म्हणून होत्या, मला म्हणाल्या, "ताई, हो म्हणा ना, त्यांना बरं वाटेल." मी नाही म्हटलं. पाच आठवडे मी तिथं होते, आणि ती हाक मारत होती ती एकदाही न आलेल्या बाईला. (तुला आजाराचं उशिरा कळवलं होतं, आणि ते न कळवणारी मीच होते. आई म्हणाली होती, आक्काला कळव. मी आज-उद्या करत राहिले. तुम्ही दोघी बोलत नाही, तर कशाला, असं मला वाटलं होतं.)

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा हाक मारली तेव्हा मी जरा जोरातच बोलले. "आई, आक्का इथं नाही."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, धक्का बसलाय, रडलीस की मोकळी होशील. धक्का वगैरे काही नाही. माझ्या कानात ते "बरं" आहे, आणि त्याच्यापुढं दुसरं काही आत येत नाही. तुझं पत्र वाचताना मला तुझा राग यायला हवा होता. वाटीचं वाचलं आणि मी पुढचं वाचायची थांबले. ती वाटी मी धरली आहे. कुणाच्या मयतात मी कुणाला तसं बोलले नाही, एवढाच आपल्या दोघींत फरक, आणि तोही मला फार मोठा वाटत नाही.

मी तुला माफ करते असं लिहिणार नाही. तो हक्क आईचा होता, आणि तिनं तो वापरला असावा असं मला वाटतं. ज्याच्यावर राग असतो त्याला माणूस कडेवर घे म्हणत नाही.

परफ्यूमचं म्हणशील तर तो मी सोडणार नाही. रोहिणीला लग्नात लावायला एका लहान कुपीत काढून दिला आहे. प्रियदर्शनीसाठीही आणते, तिला लावू दे. तू ताटावरून उठू नकोस. आईनं तो कुणाला तरी दाखवून द्यायला लावला होता. या मुलींना कुणाला काही दाखवायचं नाही, त्यांना तो नुसता आवडतो. जड आहे, लांबून येतो, लोकांना सरकायला लावतो, म्हणूनच आवडतो. हे आईला कळलं असतं तर तिनं मान हलवून पुन्हा टायपिंग सुरू केलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी निरवांगीला येते. पप्पा येणार नाहीत, मी एकटीच आहे. माझ्यासाठी गोडधोड करू नकोस. तिथं फार बोलायचं नाही, तुला ऐकू येत नाही आणि मला सुचणार नाही. फक्त एक करायचंय. मी तुझ्या कानाशी येऊन एकदा "आक्का" म्हणून हाक मारीन.

तू ओ दे.

उत्कर्षा